डावा खिसा

गफूरमास्तरांच्या काळ्या कोटाला बाहेरून दोन मोठे खिसे होते, आणि त्या दोन खिशांत अख्खं नेर मावलेलं होतं. उजव्या खिशात पक्कं, डाव्या खिशात कच्चं. पक्कं म्हणजे कुठल्या तरी कागदावर नाही तर दगडावर मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं. कच्चं म्हणजे कोणी तरी तोंडाने सांगितलेलं. पोस्टकार्डाच्या चौथाईएवढ्या चिठ्ठ्यांवर ते बारीक अक्षरात टिपण करत आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती चिठ्ठी डाव्या खिशात टाकत. माणूस चिडायचाच.

"अवो मास्तर, मी काय खोटं बोलून राह्यलो का?"

"खोटं कोण म्हणते, बाबू? मी कच्चं म्हणतो. कागद आण, मंग उजवीकडं टाकतो."

बाजाराच्या दिवशी ते कांद्यांच्या ढिगांमधून, बैलांच्या दावणींमधून गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल घेऊन हिंडत आणि दिसेल त्याला विचारत, "तुमचे आजे कोण्या गावचे?" काही लोक त्यांना लांबूनच पाहून वाट बदलत. डाव्या खिशात चिठ्ठ्यांचा भरणा इतका की त्याचं अस्तर दर दोन महिन्यांनी फाटे, आणि त्यांच्या बायकोला ते पुन्हा शिवावं लागे. उजवा खिसा मी पाहिला तेव्हापासून तसाच सपाट होता.

विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी नेरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. अमरावतीहून आलेलो, तरुण आणि जरा शिष्ट. पहिल्याच आठवड्यात त्याच शाळेत शिकवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांनी मला गाठलं आणि विचारलं, "तुमचा हात सरळ रेघ मारते का?" मी म्हटलं, मारतो. झालं. त्या दिवसापासून पुढची काही वर्षं मी त्यांच्या वंशावळी काढत होतो. त्यांना नेरचा आणि नेरच्या घराण्यांचा इतिहास लिहायचा होता. पुस्तकाचं नाव ठरलेलं होतं, प्रस्तावना तीनदा लिहून झाली होती, आणि प्रत्येक घराण्याची वंशावळ काळ्या शाईत ड्रॉइंग पेपरवर हवी होती. पहिल्या वंशावळीला मी हौसेने झाडाचं रूप दिलं, फांद्यांना पानं काढली. मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं.

"पानं कायले काढली? पानाचा पुरावा आहे का तुमच्यापाशी?"

मी ब्लेडने खरडून एकेक पान काढून टाकलं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

त्यांचं घराणं जिल्दसाजाचं. वडील दप्तरांना पुठ्ठे बांधत. बांधायला आलेली जुनी पानं वाचत वाचत हे मोडी शिकले आणि फारसीही शिकले, आणि मग मास्तर झाले. गावात कोणाकडे निजामाच्या वेळचा कागद असला तर तो यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नसे. एका मोठ्या घरी दिवाणखान्यात असा एक कागद काचेच्या चौकटीत टांगलेला होता. पूर्वजांना मिळालेली सनद म्हणून त्या घरात तीन पिढ्या त्याला दसऱ्याला हार घालत. मालकांनी पाहुण्यांपुढे मिरवायला मास्तरांना बोलावलं आणि म्हटलं, वाचा. मास्तरांनी वाचलं. तुमची जनावरं सरकारी बागेत शिरून झाडं खातात, यापुढे ती बांधून ठेवा, अशी ती ताकीद होती. पाहुणे हसले. मालकांचा चेहरा पडला. मी बाहेर आल्यावर मास्तरांना म्हटलं, जरा सांभाळून घ्यायचं होतं.

"कागद जसा आहे तसाच वाचाचा, ड्रॉइंग मास्तर. आपल्या मनानं नाई."

चौकट आठ दिवस भिंतीवरून उतरली होती, मग पुन्हा चढली. हारही चालू राहिला. मास्तरांना मात्र त्या घरी पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

आणि हा कडकपणा दुसऱ्यांपुरताच होता असंही नाही. त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ मला काढायला सांगितली ती फक्त तीन नावांची होती. आजोबांच्या वर काय, म्हणून मी विचारलं. अब्बा काही नावं सांगत, पण लिहिलेलं काही नाही, असं म्हणून त्यांनी डाव्या खिशावर हात ठेवला. एवढा मोठा पांढरा कागद आणि त्याच्या तळाशी तीन नावं. तो कागद पाहून मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल आदर वाटला, हे मी कबूल करतो. पुढे जे झालं त्यात त्या आदराचाही हात होता.

नेरपासून तीन मैलांवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलखामुलखांतून हिंडणारी ही माणसं, आता शेती करून राहतात. तिथला हरसिंग नावाचा मुलगा आमच्या शाळेतून सातवी झाला, ट्रेनिंग घेऊन आला आणि जवळच्या खेड्यात प्राथमिक मास्तर म्हणून लागला. तांड्यातला पहिला नोकरदार. आईबाप लहानपणीच गेलेले. तांड्याच्या प्रमुखाने, थावरा नाईकाने, त्याला वाढवलं, आणि आता तो नाईकही हयात नव्हता. हरसिंगचं लग्न दुसऱ्या तांड्यातल्या रामधन राठोडांच्या सोनीशी ठरलं. सगाईचा गूळ खाऊन झाला होता. हरसिंग मला एकदा बाजारात भेटला तेव्हा त्याच्या पिशवीत तिच्यासाठी घेतलेल्या बांगड्या होत्या, आणि त्या मला दाखवाव्या की न दाखवाव्या याचा त्याला निर्णय करता येत नव्हता. शेवटी त्याने दाखवल्या.

नोकरदार पोराचं लग्न म्हणून त्याच्या मित्रांनी यवतमाळला जाऊन पत्रिका छापून आणल्या. त्या तांड्यात छापील पत्रिका पहिल्यांदाच आली. शाळेच्या दाखल्यावर होतं तसं नाव त्यांनी छापखान्यात दिलं. चिरंजीव हरसिंग लालू राठोड. समोर, सोनी रामधन राठोड.

बंजाऱ्यांत राठोडाची मुलगी राठोडाला देत नाहीत. एका कुळीची ती भावंडं. पत्रिका हातात पडताच सोनीच्या काकांनी डोक्याला हात लावला.

बाजाराचा दिवस होता. शाळा दुपारीच सुटली होती. रामधन, त्यांचे दोघे भाऊ आणि खांद्याला किंगरी हे तारेचं वाद्य अडकवलेला म्हातारा गेमा ढाडी असे सगळे शाळेच्या ओसरीवर येऊन बसले. ढाडी म्हणजे बंजाऱ्यांची कुळं आणि पिढ्या तोंडपाठ ठेवून गाणारा, पण स्वतः त्या कुळांतला नसलेला माणूस. हरसिंग मागे खांबाला टेकून उभा होता.

रामधन म्हणाले, "मास्तर, ढाडी म्हणते पोरगा पवार आहे. पत्रिका म्हणते राठोड. तुम्ही सांगान ते आमाले मान्य."

"पवारच आहे," गेमा म्हणाला. "थावरा नाईकानं याले फकत पोसलं. याचा बाप लालू, लालूचा बाप हामू, हामूचा बाप जेमला..." तो म्हणत गेला. हरसिंगपासून वरपर्यंत नऊ पिढ्या. एका श्वासात.

मास्तरांची पेन्सिल सवयीने चालू झाली होती. चिठ्ठी लिहून झाली तशी त्यांनी ती डाव्या खिशात टाकली. "हे झालं कच्चं. आता पक्कं पाहू."

त्यांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं. हरसिंग वल्द लालू राठोड. मग पान रामधनकडे फिरवून त्या ओळीखाली बोट धरलं. "पाहा. शाईनं लिहलं आहे."

"लिहणारा कोण होता?" गेमाने विचारलं.

"मीच," मास्तर म्हणाले. अभिमानाने म्हणाले. आणि मीही शेजारून मान डोलावली, कारण ते अक्षर खरंच फार सुंदर होतं.

गेमा उठला. "मंग तुमचा राठोड तुम्हीच ठेवा," म्हणून किंगरी सावरत पायऱ्या उतरून गेला. रामधननी पत्रिकेची चौघडी करून खिशात घातली. हरसिंगने मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. मला तो नमस्कार अजून छळतो.

ठरलेलं लग्न मोडलेली मुलगी घरात ठेवायची नाही म्हणून रामधननी सोनीचं लग्न पंधरा दिवसांत उरकलं. मिळाला तो नवरा पार मुकुटबनकडचा, बिजवर, दोन मुलांचा बाप. आम्हाला हे बाजारात कळलं. मास्तर म्हणाले, "वाईट झालं. पण भावाबहिणीचं लग्न लागलं असतं तर?" आणि ते पुढच्या माणसाला त्याच्या आज्याचं गाव विचारायला वळले.

वर्षभराने त्यांनी पुस्तकातलं तांड्याचं पान हाती घेतलं. सुट्टीची दुपार होती. ते रजिस्टरवरून तांड्याच्या मुलांची नावं मला सांगत होते, मी चौकटी आखत होतो. मध्येच आवाज बंद झाला. मी वर पाहिलं. मास्तर चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"ड्रॉइंग मास्तर, इकडं या. हे वाचा."

हरसिंगसकट एकाच दिवशी दाखल झालेली पाच मुलं. पाचही राठोड. पाचवं नाव होतं गेमा ढाडीच्या नातवाचं.

"ढाडीचा नातू राठोड कसा होईन?" मास्तर मला विचारत होते, आणि उत्तर त्यांना आधीच सापडलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते खाली बसले. हळूहळू त्यांनी सांगितलं. थावरा नाईक पाच पोरांना पुढे घालून शाळेच्या दारात उभा राहिला होता. मास्तरांनी एकेकाकडे बोट करून विचारलं, कोणाचा? आणि नाईक दर वेळी एकच शब्द बोलला. मारो. बंजाऱ्यांच्या बोलीत मारो म्हणजे माझा. बापाची नावं पोरांनी सांगितली, ती मास्तरांनी लिहिली. आडनाव पाचही जणांना नाईकाचं, राठोड, लावलं.

"तांडा त्याचा, म्हून पोरं त्याची. तो बराबर बोलला. मीच आपल्या मनानं लिहलं."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मी म्हटलं, दुरुस्त करून टाकू. हेडमास्तरांकडे गेलो तर ते म्हणाले, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, वरून मंजुरी आणा. मंजुरीचा अर्ज मास्तरांनी लिहिला, पण तो पाठवण्याआधी ते हरसिंगकडे गेले. मी बरोबर होतो. हरसिंग वर्गात पोरांचे पाढे घेत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

"मास्तर, माह्या नोकरीच्या साऱ्या कागदावर राठोड आहे. आता ते हलवलं तर नोकरीच हलते. पाया पडतो, राहू द्या."

मग तो जरा हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "आता राठोड म्हणते कागदावर तू आमचा भाऊ. पवार म्हणते ढाडीच्या तोंडून तू आमचा भाऊ. सारेच माहे भाऊ झाले. पोरगी कोण देईन?"

परत येताना मास्तरांनी तो अर्ज घडी करून डाव्या खिशात टाकला.

मधल्या काळात ते मला न सांगता मुकुटबनला जाऊन आले. यवतमाळ, वणी, तिथून पुढे, दोन दिवसांचा बसचा प्रवास. सोनीची माफी मागायची होती. विहिरीवर ती दिसली, डोक्यावर घागर, कडेवर सवतीचं मूल. मास्तर रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभे राहिले. ती समोरून गेली. तिने यांना कधी पाहिलेलं नव्हतं, ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"तोंड उघडलंच नाई माह्यं," ते मला म्हणाले. "काय सांगू तिले? का तुह्या नशिबात माह्यं अक्षर आलं?"

मग एके दिवशी ते तांड्यात गेले, पंचांच्या बैठकीत, बंजारे जिला नसाब म्हणतात तिथे. मलाही नेलं. टोपी काढून सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हरसिंग राठोड नाई. म्या चुकीचं लिहलं." बैठकीत कुजबुज झाली. नव्या नाईकाने विचारलं, "कागद कवा बदलन?"

"कागद बदलत नाई."

"मंग पाहुणा पत्रिका दाखवून विचारन, तवा कोणाले पुढं कराचं? ढाडीले? त्याले तर तुम्ही खोटं पाडलं."

"मले करा," मास्तर म्हणाले. "मी जिता आहे तोवर."

"नुसतं चुकलो म्हून भागत नाई, मास्तर. राठोड नाई तर कोण, हे पुरं सांगता आलं पाह्यजे. आन् चिठ्ठी पाहून नाई."

गेमा ढाडी कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "पेन्सिल बाहेर ठेवा. मंग शिकवतो." मास्तरांनी गळ्यातली दोरी काढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

दर रविवारी ते तांड्यात जाऊन गेमापुढे बसू लागले. नऊ नावं. एवढं फारसी, एवढं मोडी येणारा माणूस, पण नऊ नावं टिकेनात. पाचवं नाव, खेता, हटकून निसटे. "तीस वर्षं कागदाच्या भरोशावर डोकं रिकामं ठेवलं मी," ते म्हणत. वर्गात फळ्याकडे तोंड करून ते पुटपुटत आणि पोरं हसत. गावात कोणी म्हणे म्हातारा तसबीहची माळ ओढतो, कोणी म्हणे भ्रमला. पुस्तकाचं काम थांबलं ते थांबलंच. माझ्याकडे अर्धवट आखलेल्या चौकटी पडून होत्या. गंमत म्हणजे त्यांचं ऐकून ऐकून नऊ नावं मला कधीच पाठ झाली होती.

दोन दिवाळ्या गेल्या. मग दिग्रसकडच्या एका तांड्यातून हरसिंगला सोयरीक आली, राठोडांचीच. पत्रिकेचा किस्सा त्यांच्याही कानावर गेला होता. पाहुणे म्हणाले, लिहिणाऱ्या मास्तरला आमच्यासमोर उभं करा.

मास्तर उभे राहिले. अंगात ताप होता, तरी कोट घालून आले होते. वरून सुरुवात केली. चार नावं नीट गेली. पाचव्यापाशी थांबले. सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. मला ते नाव जिभेवर आलं होतं, पण माझ्या तोंडून येऊन उपयोग नव्हता. गेमाने मान खाली घातली. मास्तरांचा हात सवयीने उजव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. हात तसाच आत राहिला.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडले.

"आठवत नाई," ते शेवटी म्हणाले. "पण राठोड म्या लिहलं आन् ते चुकलं, हे कधी विसरलो नाई. तेवढं पक्कं आहे. तेवढ्यासाठी या पोराले नाई म्हणू नका."

पाहुण्यांमधला वयस्क माणूस पुढे सरकला. मग म्हणाला, "नावं सांगाले ढाडी आहे, मास्तर. लिहणारा माणूस चुकलो म्हणते का नाई, ते मले पाहाचं होतं." आणि त्याने गुळाची परात पुढे ओढायला सांगितली. गेमाने किंगरी मांडीवर घेतली आणि नऊही नावं गाऊन दाखवली. हरसिंग रडत होता. मास्तरांच्या हातावर कोणी तरी गुळाचा खडा ठेवला. तो त्यांनी खाल्ला नाही.

नेरच्या वाटेवर तो खडा त्यांच्या मुठीत चिकट होऊन गेला होता. मी म्हटलं, मास्तर, सुटलात.

"हरसिंगचं झालं," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "सोनीचं कोण्या खिशात ठेवू?"

मीही त्या दिवशी ओसरीवर मान डोलावली होती.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. सकाळच्या बसने निघालो तेव्हा गाव सुटता सुटता ते मला दिसले. काळा कोट, बगलेत छत्री, तांड्याच्या वाटेने एकटेच चालले होते. आता तिथे त्यांचं काही काम उरलं नव्हतं. रस्त्यात बैलगाडी आडवी होती म्हणून बस तिथेच खोळंबली, आणि मला खिडकीतून त्यांच्याकडे नीट पाहता आलं. ओठ हलत होते. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मी मनात त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. पाचव्या पेरावर अंगठा अडखळला नाही. लालू झालं, हरसिंग झालं. नऊ. आता मूठ मिटेल म्हणून मी वाट पाहत होतो.

अंगठा दहाव्या पेरावर गेला आणि तिथे टेकून राहिला. बसमधून मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण कोणत्याच खिशात न मावलेलं ते नाव मला ठाऊक आहे.